द्राक्षाला भेंडीची पानं

कृषी कार्यालयात इतकी वर्षं नोकरी करूनही मला पिकातलं ओ की ठो कळत नाही, ही गोष्ट गेल्या उन्हाळ्यापर्यंत वसमतच्या आमच्या गल्लीत कोणालाच माहीत नव्हती. मी तिथं रजेचे अर्ज आणि हजेरीपट सांभाळतो. पण गल्लीत मी 'शेतीवाले साहेब'. लोक विचारतात, मी सांगतो. (खोटं का बोलू, बरं वाटतं.)

आमच्या अंगणात द्राक्षाचा वेल आहे. त्याचं कलम शेजारच्या राठोड मामींनी आणून दिलं, माझ्या बायकोनं, सुनंदानं, ते लावलं आणि दोघींनी मिळून मांडव घातला. रोज दुपारचा चहा दोघी त्या मांडवाखालीच घेत.

एप्रिलच्या छाटणीनंतर नवी फूट वाढू लागली ती वेडीवाकडी. पानं चिंचोळी, पंख्यासारखी चुण्या पडलेली, कडा करवतीसारख्या, शेंडे पिळवटलेले.

"अहो, हे काय झालं?" सुनंदानं विचारलं.

मी चष्मा लावला, पान उन्हात धरलं आणि म्हणालो, "पाणी कमी पडलंय." तीन दिवस बादल्या ओतल्या. बुडाशी डबकं झालं, पानं तशीच. मग म्हणालो, "पाणी जास्त झालंय." सुनंदानं बादली उचलून आत नेली.

राठोड मामा तेव्हा घरामागच्या मोकळ्या जागेत हळद शिजवत होते. मोठा कुकर, खाली भट्टी, आणि वाफेचे लोट थेट आमच्या अंगणात. सापडलं कारण! पान घेऊन मी तिथं गेलो आणि कामावरच्या चार माणसांसमोर म्हणालो, "मामा, तुमच्या वाफेनं आमचा वेल जळून राहिला."

"इतक्या वर्षांत तर असं कदी झालं न्हाई, साहेब."

"शास्त्र आहे ते, मामा." (कोणतं, ते विचारू नका. मामांनीही विचारलं नाही.)

मामा गुमान उठले. भट्टी विझवली आणि उरलेली हळद ट्रॉलीत भरून सहा किलोमीटरवरच्या शेतात नेली. दुसऱ्या दिवसापासून मामी चहाला येईनात. सुनंदा मांडवाखाली एकटीच बसायची. माझ्याशी बोलणं बंद. आठ दिवस.

नवव्या दिवशी तिनंच मामींना हाताला धरून आणलं. मामींनी एक पान उलटंपालटं करून पाहिलं. "बाई, हे तं भेंडीचं पान झालं. आमच्या कापसाला असंच झालतं, शेजारच्या शेतातून तणनाशक उडून आलं तवा. तुमी काही फवारलं व्हय?"

"ह्यांनी बुरशीचं औषध फवारलं होतं. नवी फूट दिसली तेव्हा."

"कोणत्या पंपानं?"

पंप कोपऱ्यातच होता. त्याच पंपानं मी फवारणीच्या आदल्या दिवशी न्हाणीमागचं गाजरगवत मारलं होतं.

"धुतला व्हता का, भाऊ?"

"विसळला होता," मी म्हणालो.

"किती डाव?"

"एकदा. म्हणजे, वरून वरून."

तणनाशकाचा पंप वेगळा ठेवावा, हे आमच्याकडे शेंबडं पोरगंही सांगेल. आमच्या कार्यालयात तर माझ्या खुर्चीमागं तसं पोस्टरच लावलंय. मी त्याच्याकडे पाठ करून बसतो.

मामींनी हसू दाबायला पदर तोंडाला लावला. सुनंदा आत जाऊन चहा ठेवू लागली, दोन कप. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी मामांच्या दारात गेलो. नेमकी ती चारही माणसं ओट्यावर बसलेली. त्यांच्यासमोरच म्हणालो, "मामा, वाफेचा काही संबंध नव्हता. माझाच पंप होता. तुम्हाला उगाच तकलीफ दिली. चुकलो मी."

मामांनी तंबाखू मळून चिमूट तोंडात टाकली. मग म्हणाले, "आमच्या भुईमुगाची पानं पिवळी पडून राहिलीत. उद्या बघायला या. पंप तेवढा घरी ठेवा."

दुसऱ्या दिवशी मी बांधावर जाऊन उभा राहिलो. मामांनी एक डहाळी माझ्या हातात दिली. "काहून झालं असंल, साहेब?"

मी ती उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणालो, "मला माहीत नाही, मामा."

शेतीबद्दल मी आजवर दिलेलं तेवढं एकच उत्तर बरोबर निघालं.