कापलेल्या तीन ओळी

सरांनी कात्री पुढे धरली. "खालच्या तीन ओळी तेवढ्या काप."

कॉलेजात इंग्रजी शब्दांचे अर्थ आणि मुळं कागदावर लिहून भिंतीवर लावायची होती. चिठ्ठ्या टाकून शब्द वाटले. बागायतदाराच्या मुलीला आला मँगो. मला पारिया.

ती आधी बोलली. मूळ तमिळ, पोर्तुगीजांच्या गलबतांतून इंग्रजीत गेलेलं. टाळ्या. सर म्हणाले, "बघा, आपला आंबा!"

मग मी. पारिया म्हणजे वाळीत टाकलेला. याचंही मूळ तमिळच. परै म्हणजे ढोल. फार जुन्या तमिळ कवितांतही तो वाजतो. तो वाजवणारे ते परैयर. गावांनी त्यांना अस्पृश्य ठरवलं. गोऱ्या साहेबाने त्यांच्या जातीचं नाव उचललं आणि शिवी केली. रस्त्यावरच्या कुत्र्यालाही तेच नाव दिलं.

मागून एकजण ओरडला, "हिला काय शोधायला लागलं? हिचा आजा आमच्या पालखीपुढं ढोल बडवायचा!"

वर्ग हसला. सरही हसले. मग म्हणाले, "वरचा अर्थ पुरे, खालचं मूळ नको. भिंतीवर जात नको."

मी हात पुढे केला. कात्री घेतली. कापलं. अगदी सरळ, नीट कापलं. तेच अजून खुपतं.

बाबा मिरजोळ्याच्या कारखान्यातून आले तेव्हा ती कापलेली पट्टी त्यांना दाखवली. आजोबांच्या ढोलाबद्दल घरात कधी कुणी बोललं नव्हतं. बाबांनी पट्टी दोनदा वाचली. मग म्हणाले, "आमी देवळाच्या पायरीखाली उभं ऱ्हायचं, बाय. परसाद वरनं टाकायचे. एका शिमग्याला तुज्या आजोबांनी हातच पुढं केला नाय. खोबरं मातीत पडलं. ढोल तितंच ठेवून घरी आले. परत कदी वाजवला नाय."

दुसऱ्या दिवशी सरांना म्हटलं, "मूळ नको तर अख्खा कागद उतरवा."

"पाहुणे यायचेत. जागा मोकळी दिसेल."

कागद अजून तिथेच आहे. वर कोपऱ्यात माझं नाव. येणारे जाणारे वाचतात. मी काहीच करू शकले नाही.

पट्टी माझ्याकडे आहे. तोंडी परीक्षेत हा शब्द आला तर सुरुवात ढोलापासून करीन. नापास करायचं तर करा, सर. पुन्हा कात्री द्याल, तर ती मातीत पडेल. माझा हात पुढे येणार नाही.