सोवळ्यातला लॅपटॉप

आमच्या गटात दर रविवारी काहीतरी बिघडतं. बिघडलेलं असताना कोणी हसत नाही. दुरुस्त झालं की त्याचा किस्सा होतो, आणि तोपर्यंत दुसरं काहीतरी बिघडलेलं असतं. त्यामुळे किस्से साचतच जातात. मी गटात सगळ्यात लहान आणि बोलते कमी, म्हणून ते सगळे माझ्याकडे जमा आहेत.

गट म्हणजे मुलुंडचा माझा मामा, घाटकोपरहून येणारा निखिलदादा आणि रेवाताई. कपड्यांचे पॅटर्न काढायचं एक मोफत सॉफ्टवेअर आहे, त्याचा कोड सगळ्यांना खुला. ते बनवणारे लोक विंडोज वापरत नाहीत, म्हणून विंडोजवर सरळ इन्स्टॉल होईल असं त्याचं पॅकेज आम्ही मामाच्या हॉलमध्ये तयार करतो. ब्लाउजची मापं टाकली की एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्राम, कटिंगचा आराखडा काढून देते. ती पायथन नावाच्या भाषेत लिहिलेली आहे, म्हणून चालायला कॉम्प्युटरवर पायथन लागतं. ते पॅकेजमध्येच भरून द्यावं लागतं, कारण शिवणकाम करणाऱ्यांच्या कॉम्प्युटरवर पायथन कुठून असणार?

माझं काम एकच. एक जुना लॅपटॉप सांभाळायचा, ज्यावर विंडोजशिवाय काही म्हणजे काही नाही. त्यावर चाललं तरच पॅकेज बाहेर जातं. रेवाताई त्याला सोवळ्यातला लॅपटॉप म्हणते.

*

हे सोवळं सुरू झालं निखिलदादामुळे. स्क्रिप्ट कुठेही अडकली की त्याचं उत्तर ठरलेलं.

"माझ्याकडे तर चालतंय यार!"

"तुझ्याकडे काय नाही चालत?" रेवाताई म्हणाली. "तुझ्या लॅपटॉपवर तू अख्खं दुकान मांडलंयस. गिऱ्हाइकाला पॅकेजबरोबर तुलापण पाठवायचं का?"

*

एका रविवारी लॅपटॉप उघडला तर त्यावर एक नवीन चिन्ह. मामीने मालिका बघायला काहीतरी डाउनलोड केलं होतं.

"वहिनी, ह्याला हात नाही लावायचा!" रेवाताई ओरडलीच.

"का गं? देवघर आहे का ते?"

"हो!" तिघंही एकदम म्हणाली.

विंडोज पुन्हा टाकण्यात दुपार गेली. मामी चहा घेऊन आली, पण ट्रे दारातच ठेवून गेली.

*

आमचं पहिलं खरं गिऱ्हाईक म्हणजे मांजरेकर बाई. मूळच्या मालवणच्या, भांडुपला शिवण क्लास चालवतात. एका संस्थेने त्यांना कॉम्प्युटर दिले होते, तेही एका अटीवर. मुली खरंच वापरत असतील तरच ते राहणार, नाहीतर उचलून दुसऱ्या क्लासला जाणार.

आम्ही पहिल्यांदा इन्स्टॉल करायला गेलो, तर विंडोजने मोठा इशारा दाखवला. प्रोग्राम ओळखीचा नाही, धोका असू शकतो.

"काही नाही बाई, 'तरीही चालवा' दाबा," निखिलदादा म्हणाला.

बाईंनी खुर्ची मागे ओढली. "दारावरचा वॉचमन नको म्हणतोय, आणि तुम्ही मला 'तरीही जा' सांगताय?"

मामाने पाऊण तास समजावलं. बाईंनी बटण दाबलं, पण डोळे मिटून.

*

सॉफ्टवेअर उघडलं. स्क्रिप्ट मात्र हलेना. बाईंनी कॉम्प्युटरवर वापरणाऱ्याचं नाव मराठीत टाकलं होतं, 'शिवण क्लास'. त्याच नावाचं फोल्डर झालं, आणि आमच्या पॅकेजमधल्या एका भागाला इंग्रजीशिवाय दुसरी अक्षरं वाचताच येत नव्हती.

"नाव इंग्रजीत करून टाका ना," निखिलदादा म्हणाला.

"नाव माझ्या क्लासचं आहे. बदलायचं तर तुमचं सॉफ्टवेअर बदला!"

आम्ही सॉफ्टवेअर बदलायला बसलो. तेवढ्यात बाईंचा फोन आला. संस्थेची माणसं सोमवारी बघायला येणार होती.

*

त्या रविवारी हॉलमध्ये पंख्याचाच काय तो आवाज. संध्याकाळी निखिलदादाने नवीन पॅकेज पेनड्राइव्हवरून माझ्या लॅपटॉपवर टाकलं. मी त्यावरही मराठी नाव देऊन ठेवलं होतं. मापं टाकली. कटिंग आलं!

"झकास!" निखिलदादाने बॅग आवरायला घेतली. मामाने मला विचारलं, "चाललं ना गं?"

मी पुन्हा एकदा स्क्रिप्ट चालवली. मग आणखी एकदा. प्रत्येक वेळी लॅपटॉपला लावलेल्या पेनड्राइव्हचा निळा दिवा लुकलुकत होता.

"पेनड्राइव्ह काढ," मी म्हणाले. इतक्या हळू, की दुसऱ्यांदा म्हणावं लागलं.

काढला. स्क्रिप्ट चालवली. लाल अक्षरं!

निखिलदादा त्या पेनड्राइव्हवर स्वतःचं पायथन घेऊन फिरतो. पॅकेजमध्ये पायथनचा पत्ता त्या पेनड्राइव्हचाच राहिला होता. पॅकेजमध्ये भरलेलं पायथन कोणी विचारतच नव्हतं.

"वाट लागली असती," मामा खाली बसला.

"माझ्याकडे तर..." निखिलदादाने सुरुवात केली, पण रेवाताईकडे बघून वाक्य गिळलं.

*

सोमवारी शाळा सुटल्यावर मी युनिफॉर्मवरच क्लासमध्ये गेले. दुरुस्त केलेलं पॅकेज रेवाताईने तिच्या पेनड्राइव्हवरून टाकून ठेवलं होतं. संस्थेचे साहेब बाईंच्या मागे उभे होते. मुली भिंतीला टेकून उभ्या. बाईंनी मापं टाकली आणि बोट बटणावर नेलं. निखिलदादा बॅग घेऊन त्यांच्या शेजारीच.

"थांबा," मी म्हणाले.

सगळे माझ्याकडे वळले.

"निखिलदादा, तू बाहेर जा."

"मी? मी काय केलं?"

"बॅग पण घेऊन जा."

मामाने दाराकडे बोट दाखवलं. निखिलदादा बाहेर जाऊन खिडकीपाशी, चपलांच्या ढिगात उभा राहिला.

"ते कोण?" साहेबांनी विचारलं.

"त्यांनीच बनवलंय," रेवाताई म्हणाली.

बाईंनी बटण दाबलं. काहीच झालं नाही. मग प्रिंटर घुरघुरला. बाईंनी निघालेले कागद टेबलावर जोडून पसरले, गळ्यातली टेप काढून त्यावरची छाती मोजली, कंबर मोजली, बाहीचा मुंढा दोनदा मोजला.

"बरोब्बर!"

साहेबांनी टेप मागून घेतली आणि स्वतः मोजलं. "छान. राहू देत कॉम्प्युटर इथेच."

बाईंनी खिडकीकडे बघून हाक मारली, "ये रे बाबा, ये आता भितर!"

"अजून नको," मी म्हणाले. "बाकीचे कॉम्प्युटर राहिलेत."