चौथ्या मजल्याचा नळ

प्लंबरकाकांचा माणसाच्या बोलण्यापेक्षा पाइपाच्या आवाजावर भरवसा. त्यात पुढाऱ्यांचं बोलणं म्हणजे तर त्यांच्या डोक्यात तिडीकच! महापौरबाई मागच्या निवडणुकीत म्हणाल्या होत्या, "मोटर न लावता चौथ्या मजल्यावर पाणी चढवीन." काका तेव्हा पोट धरून हसले होते. गेल्या वर्षी नवी टाकी झाली, जाड पाइप आले. शेजारच्या इमारतीत वरपर्यंत पाणी येतं म्हणे. काका म्हणत, चोरून मोटर लावली असेल. त्यांच्या इमारतीत मात्र चौथ्या मजल्यावर थेंब नाही. तिथे एकटी राहायची त्यांची ताई. सत्तरीची बाई रोज खालून बादल्या वाहायची.

आज महापौरबाई पुन्हा मतं मागायला आल्या आणि काकांच्या हाती सापडल्या!

"भाषण नंतर. आधी वर चला, ताईचा नळ सोडा."

अख्खी इमारत जिन्यात लोटली. महापौरबाईंनी स्वतः नळ फिरवला. नळ नुसता फुसफुसला. मग काय, हशा, शिट्ट्या, टाळ्या! बाईंचा चेहरा पडला.

काका टाळी द्यायला वळले आणि हात हवेतच राहिला. ही फुसफुस त्यांच्या ओळखीची होती. खाली व्हॉल्व्ह बंद असला की नळ असाच बोलतो. दोन वर्षांपूर्वी गळती काढताना ताईचा व्हॉल्व्ह त्यांनीच बंद केला होता. वर पाणी चढतच नाही, उघडून करायचं काय, म्हणून तसाच ठेवला होता.

गप्प बसले असते तर कुणाला कळणार होतं? उलट लोकांनी डोक्यावर घेतलं असतं. पण ताई तिथेच उभी होती, दोन्ही हातांत रिकाम्या बादल्या घेऊन.

"थांबा!" काका ओरडले आणि पाना घेऊन धडाधडा जिने उतरले. व्हॉल्व्ह फिरवला मात्र, वरून असा काही जल्लोष उठला की भिंती दणाणल्या!

काका धापा टाकत वर आले. पाणी धो धो वाहत होतं. "बाईंनी शब्द पाळलाय," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "चूक माझी. पण बाई, शाळेचं छप्पर अजून गळतंय, त्याचा जाब द्यायचाय हं!"

ताईने पाण्याखाली दोन्ही हात धरले होते. ती हसत होती.

"वर्षभर बाईंना शिव्या घालत जिने चढले मी," ती म्हणाली. "आता त्या तुला घालू का रे?"

"घाल," काका म्हणाले, आणि सगळ्यांसमोर त्यांचे डोळे भरून आले.