आंदणाच्या कपाटातला जमैका

साऊंडच्या धंद्यात वायरी आणि किस्से सारखेच. कितीही नीट गुंडाळून खोक्यात टाका, एक ओढली की दहा बाहेर येतात. मी चौथी शिकलेली बाई, लिहिणं काही माझं काम नाही. पण परवा एका लग्नात दोन डीजेवाले भांडत होते, लातुरात जमैकाचं गाणं पहिल्यांदा कुणी वाजवलं म्हणून. दोघांचाही तेव्हा जन्म झाला नव्हता. म्हटलं, आता आपणच लिहून टाकावं.

जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि पाऊस गायब होता. लग्नं सगळी पुढं ढकललेली. आमच्या दुकानात दोन कर्णे आणि एक अँप्लिफायर. मालक, म्हणजे आमचे यजमान, मशीन दुरुस्त करायचे आणि वाजवायची मी. समोरच्या रेवणअप्पाने हैदराबादहून चकचकीत पेट्या आणल्या होत्या. वर्षाचं एकच काम उरलेलं, यात्रेच्या मैदानाचं. ते दरसाल आमचं असायचं.

एक दिवस अप्पा दुकानात आला, मशीनला चारी बाजूंनी न्याहाळलं आणि मालकांना म्हणाला, यंदा यात्रा मी घेणार, मग हे मशीनही मलाच द्या, तुम्ही तरी ठेवून काय करणार? मालक आधीच ऊसतोडीला जायचं म्हणत होते. मी म्हणाले, "अप्पा, हात लावू नका. करंट बसंल. मशीनचा न्हाई, माझा."

*

त्याच दिवसांत माझा भाऊ बसू मस्कतहून सुट्टीवर आला. माहेरी उदगीरला जायच्या आधी माझ्याकडं उतरला आणि पिशवीतून एक कॅसेट काढून दिली. तिथं त्याच्या बरोबर काम करणाऱ्या जमैकाच्या माणसानं दिलेली. म्हणाला, ह्याला रेगे म्हणतात, अक्का.

एका बाजूला गाणं होतं. बरं होतं. बाजू पलटली तर तेच गाणं, पण गाणारा अर्ध्या शब्दात गडप! नुसता ढोल आणि पोटात घुमणारा बास. मधेच गाणारा एक शब्द बोलायचा, तो शब्द घुमत घुमत लांब जायचा आणि पुन्हा सगळं मोकळं.

मालकांनी स्क्रू-ड्रायव्हर काढला. कॅसेट उघडली, टेपचा हेड स्पिरिटनं पुसला, फीत बोटावर ओढून उजेडात बघितली. घामाघूम झाले. शेवटी बसूला म्हणाले, "दाजी म्हणून सांगतो, वाईट वाटून घेऊ नको. तुला फसवलंय. गाणारा पुसला गेलाय."

बसू हसून हसून खाटेवरून पडायचा राहिला.

*

मग त्यानं मित्राकडून ऐकलेलं सगळं सांगितलं. जमैका म्हणजे समुद्रातलं बेट. गरीब वस्त्यांना नाचायला बँड परवडायचा नाही, म्हणून साऊंडवाले कपाटाएवढ्या पेट्या हातगाड्यांवरून आणून अंगणात मांडायचे. दोन साऊंडवाले समोरासमोर, ज्याच्याकडं माणसं तो खरा. एकदा म्हणे तबकडी बनवणाऱ्याकडून गाणाऱ्याचा आवाज टाकायचाच राहिला. साऊंडवाल्यानं तशीच वाजवली, तर मोकळ्या जागेत लोक स्वतःच गायला लागले. तेव्हापासून मुद्दाम गाणारा काढतात, बास वाढवतात, वर घुमारा सोडतात. त्याला डब म्हणतात.

बाकी मालकांच्या डोक्यात गेलं नाही. 'कपाटाएवढ्या पेट्या' तेवढं गेलं. सांगायला संकोच वाटत होता, पण नजर सारखी माझ्या आंदणाच्या कपाटाकडं. मीच साड्या काढून पत्र्याच्या ट्रंकेत भरल्या आणि म्हणाले, "कापा."

तीन दिवस करवत चालली. कपाटाच्या दाराला भोक पाडून मोठा स्पीकर बसवला. वरचा आरसा तेवढा तसाच ठेवला. बास वाजला की आरशातलं माणूस थरथरायचं. सासूबाईंनी एकदा त्यात बघून कुंकू लावलं, ते भुवईपर्यंत गेलं.

*

आमच्या गल्लीत दगडूमामा हलगी वाजवायचे. तालाच्या बाबतीत गल्लीतलं सुप्रीम कोर्टच. त्यांना बोलावून ऐकवलं.

डोळे मिटून बसले. हात मांडीवर. आपण जिथं ठोका मारतो तिथं ह्यांची गिटार मुकाट, आणि आपण श्वास घेतो नेमकं तिथं 'च्याक'. मामांचा हात दोनदा चुकला. तिसऱ्यांदा त्यांनी मांडीवरून हातच उचलला. मला वाटलं, चिडले.

"काय वाटतं मामा?" बसूनं विचारलं.

मामा म्हणाले, "हे माणूस दर टायमाला उशिरा यायलंय. पण घरी कुणी रागवंना त्याला."

*

घुमाऱ्यासाठी मालकांनी एका बंद पडलेल्या ऑर्केस्ट्राचं इको मशीन आणलं. नवा जिल्हा, त्यामुळं रोज कुठल्या तरी ऑफिसचं उद्घाटन. असंच एक छोटं काम आम्हाला मिळालं. सकाळी दुकानात डबचा खेळ केला होता, इकोचं बटण तसंच चालू राहिलं.

प्रमुख पाहुणे म्हणून आलेले साहेब भाषणाला उभे राहिले. म्हणाले, प्रत्येक वस्तीत टँकर येईल. कर्ण्यातून निघालं, "येईल... येईल... येईल..." साहेबांना वाटलं लोक घोषणा द्यायलेत. त्यांना हुरूप आला. विहिरी खोल होतील, होतील, होतील. पाणी मिळेल, मिळेल, मिळेल. मालक बटणाकडं धावले, मी त्यांचा सदरा धरून ठेवला. असलं भाषण पुन्हा कधी ऐकायला मिळणार?

शेवटी मागून एक म्हातारी उठली. "साहेब, दहादा येईल म्हणू नका. एकदाच येऊ द्या."

*

टँकरवरून आठवलं. कपाट पहिल्यांदा दुकानाबाहेर काढून पूर्ण आवाजात वाजवलं, तर पलीकडच्या दोन गल्ल्यांतून बायका घागरी घेऊन पळत आल्या. त्यांना वाटलं टँकर आला! लांबून तो बास अगदी चढावर लागलेल्या इंजिनासारखा.

येऊन बघतात तर कपाट. मला जे बोलल्या ते लिहिण्यासारखं नाही. मीही जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. एक शांताबाई मात्र काही न बोलता कपाटापुढं घागर ठेवून बसली. म्हणाली, "आले तशी नंबर लावून बसते. याच्या मागनं खरा येईल."

आणि आला की हो! तिचा नंबर पहिला. दुसऱ्या दिवसापासून बायका दुकानापुढून जाताना म्हणायच्या, "लाव गं ते टँकरचं गाणं."

*

आणि मग यात्रा. पंचांचे म्होरके विश्वनाथकाका. त्यांनी ठरवलं, दोघांनी मैदानाच्या दोन टोकांना साऊंड लावा. दिवस मावळताना ज्याच्यापुढं माणसं जास्त, त्याच्या हातात नारळ आणि यात्रेच्या उरलेल्या दिवसांचं काम त्याचं.

अप्पानं सिनेमातली गाणी लावली. सगळं मैदान तिकडं. आमच्यापुढं दोन शेळ्या आणि शांताबाई. मालक खाली मान घालून वायरच गुंडाळायला लागले. मी कॅसेट पलटली, तर म्हणाले, "अगं, गाणारं तरी लाव."

"गाणारे तिकडं लई हायत," मी म्हणाले आणि बास पूर्ण सोडला.

कोरड्या मैदानावरची धूळ आधी उठली. मग पोरं आली, कपाटाला पोट लावून उभी राहिली आणि खिदळायला लागली. पोरांना ओढायला आया आल्या, त्यांचे पाय थांबले. दगडूमामांनी हलगी विस्तवावर शेकून कडक केली आणि गाणाऱ्यानं सोडलेल्या मोकळ्या जागेत एकेक ठोका टाकायला सुरुवात केली. कुणी शिट्टी टाकली, कुणी नुसती आरोळी. पाळण्यावरची माणसं उतरून आली.

दिवस कलला. काका नारळ घेऊन आधी अप्पाकडं गेले. तिथं तबकडी संपलेली, सुई खर्र खर्र करत फिरतेय आणि मशीनवर कुणीच नाही. काका अप्पाला शोधत शोधत गर्दीतून आमच्याकडं आले.

अप्पा माझ्या कपाटापुढं उभा. एक हात लाकडावर, डोळे मिटलेले, मान हलतेय.

काकांनी त्याच्या खांद्याला हात लावला. "अप्पा, तुमची तबकडी संपली. नारळ कुणाला देऊ?"

अप्पानं डोळे उघडले नाहीत.

"थांबा ओ काका, बोलू नका जरा. गाणारा गेलाय, यायचाय अजून."