दादासाठी केलेला दांडा

मी शाळेत विज्ञान शिकवतो. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्या मुलांना वर्गात उभं करून प्रश्न विचारत आलोय... त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटते. चार वर्षं झाली. माझी बायको सुमन सोडली तर हे कुणाला ठाऊक नाही.

आम्ही नागपुरात, मानेवाड्याकडे राहतो. १९७९ मध्ये मी मिलिटरीने मोडीत काढलेली जीप कामठीच्या लिलावात घेतली. दुसऱ्या महायुद्धातली, डावीकडे स्टिअरिंग असलेली. अंगणातल्या टिनाच्या शेडमध्ये तिला पुन्हा चालती करायला दोन वर्षं लागली.

खरं काम दादाचं, माझ्या मोठ्या भावाचं. तो फौजेत ड्रायव्हर होता. एकाहत्तरच्या लढाईत गाडी सुरुंगावर गेली आणि त्याचा डावा पाय मांडीपासून गेला. शेडमध्ये स्टुलावर बसून तो एकेक भाग रॉकेलने धुवायचा. बोल्ट काढला की त्याचाच नट त्याच्यावर दोन आटे फिरवून ठेवायचा, आणि सगळे निघाले त्या क्रमाने वर्तमानपत्रावर मांडायचा.

इंजिन सुरू झालं त्या दिवशी तो म्हणाला, "बबन, क्लचले एक दांडा लावून दे गा. हातानं दाबीन. एकडाव मेडिकल चौकापर्यंत जाऊन येतो."

मी नाही म्हटलं. गाडी जुन्या गाड्यांच्या रॅलीत न्यायची होती. परीक्षक स्क्रूसुद्धा तपासतात, दांडा लावला तर ओरिजिनल राहणार नाही, असं त्याला समजावत बसलो.

"मी तरी कुठी ओरिजिनल राहिलो गा?" तो हसत म्हणाला.

मीही हसलो. रॅली झाली की लावू, म्हटलं.

रॅलीत पहिला नंबर आला. दादा माझ्या उजवीकडे बसला होता. मी गिअर बदलला की त्याचा हात मांडीवर तसाच हलायचा. मला ते दिसत होतं. तरी घरी आल्यावर मी पुढच्या वर्षीच्या रॅलीचं बोलू लागलो. त्याने पुन्हा विचारलं नाही. महिन्याभरात हार्ट अटॅकने गेला... बावन्न वर्षांचा होता.

तेरवी झाली आणि मी दांडा करून आणला. कशासाठी, ते विचारू नका. दोन पट्ट्या, चार बोल्ट — क्लचच्या पेडलवर घट्ट बसवला. शेडला कुलूप लावलं. किल्ली माझ्या खिशात.

सकाळी दांडा जमिनीवर होता. खाली वर्तमानपत्र. शेजारी चार बोल्ट, ओळीने. प्रत्येकावर त्याचा नट, दोन आटे फिरवलेला.

मी सुमनवर ओरडलो. ती फक्त रडली. म्हणाली, "मले पाना तरी धरता येते का?"

पुढच्या रविवारी भर दुपारी मी तो पुन्हा बसवला. सुमनला दाखवला, तिच्यासमोर कुलूप लावलं, आणि आम्ही दोघं शेडच्या दारासमोरच चहा घेत बसलो. शेडला दुसरं दार नाही, खिडकी नाही. अर्ध्या तासाने कुलूप काढलं...

दांडा वर्तमानपत्रावर. चार बोल्ट, चार नट. सुमन दारातच खाली बसली.

आता वेल्डिंग करून पाहा, असं ती एकदा म्हणाली. नाही केलं. तो निघाला तर काय, याची भीती होती. आणि नाही निघाला तर त्याहून मोठी.

वर्गात मी मुलांना सांगतो, प्रत्येक गोष्टीला कारण असतं. याचं मला सापडलेलं नाही. दादा नको म्हणतोय, एवढंच कळतं. माझा हट्ट सांभाळतोय, की आता माझ्या हातून काही घ्यायचं नाही त्याला... हे विचारू कुणाला?

दांडा फळीवर फडक्यात गुंडाळून ठेवलाय. रॅलीला मी परत गेलो नाही. गाडी मात्र आजही पूर्ण ओरिजिनल आहे.