हळद नेमकी किती पिवळी?

"हळद लावली होती का चुना?" आत्याने विचारलं.

विजय नगरच्या तिच्या घराच्या ओट्यावर आम्ही बसलो होतो. तिच्या मांडीवर मी नुकताच आणून दिलेला अल्बम होता. सकाळच्या स्वच्छ उजेडात तिची मुलगी, म्हणजे माझी आतेबहीण, पानोपानी निळसर दिसत होती. कावीळ झालेलं माणूस पिवळं दिसतं, हिला त्याच्या उलटं काहीतरी झालं होतं.

कुणाच्या लग्नाचे फोटो काढून अल्बम करायची ती माझी पहिलीच वेळ. आणि आत्याला बाकी लग्नाशी देणंघेणं नव्हतं, तिला फक्त हळद बघायची होती. तिचा नवरा, म्हणजे आमचे काका, गेल्यापासून ती शुभकार्यात पुढे येत नाही. पोटच्या मुलीच्या हळदीलाही ती स्वयंपाकघराच्या दारामागे उभी राहिली. तिथून तिला दिसल्या त्या बायकांच्या पाठी. तिला कोणी नको म्हटलं नव्हतं, पण ये असंही कोणी म्हटलं नाही. मीही नाही. याची मला आजही लाज वाटते. मी तेव्हा नवरीवर ओरडण्यात गुंतलो होतो, कारण ती कॅमेरा सोडून भलतीकडेच बघत होती.

आत्याची सगळी भिस्त माझ्या फोटोंवर होती आणि मी त्यातली हळदच पुसून टाकली होती.

दोष माझ्या खोलीतल्या दिव्याचा होता. बाबांनी तिथे दवाखान्यात शोभेल असा पांढराफटक दिवा लावला होता. त्या निळसर उजेडाला डोळे सरावले की कॉम्प्युटरवरचं सगळं उगाच पिवळं भासायचं. मी आपला पिवळेपणा कमी करत गेलो. हळदीच्या फोटोतला पिवळेपणा! हे मला कळायला तीन दिवस लागले.

मग मी बड़ा फुहाऱ्याच्या बाजारात दिवा आणायला गेलो. दुकानदार म्हणाला, "भैया, सफ़ेद चाहिए कि ज़्यादा सफ़ेद?" मी म्हटलं, दुपारच्या उजेडासारखा हवा. त्याने बाहेर रस्त्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, "वो तो फ्री में मिल रहा है." शेवटी चार प्रकारचे दिवे घरी आणून, एकेकाखाली हळदीचा डबा उघडून ठेवून मी एक पसंत केला. आई त्या डब्यावरून दिवसभर बोलत होती.

पोपटी भिंतीही डोळ्यांना फसवत होत्या. मी खोलीला राखाडी रंग दिला. माझ्या भगव्या टी-शर्टची झाक कॉम्प्युटरच्या पडद्यावर पडायची, म्हणून राखाडी टी-शर्ट घातला.

बाबा दारात येऊन बघतच राहिले. "भिंती राखाडी, तू राखाडी. काहून? सुतक पाळून राहिला का?"

"फोटो एडिट करून राहिलो, बाबा."

"आमच्या वेळी फोटो काळेपांढरे होते," ते म्हणाले. "कोणाची हळद गेली नाही."

नवा दिवा मी पडद्याच्या मागे, भिंतीकडे तोंड करून लावला. पडद्यावरची चमक गेली, डोळे निवले, मूळ फोटो नव्याने एडिट केले आणि हळद परत आली. एकदाची हाताला लागेल अशी पिवळी! मला नाचावंसं वाटलं.

मग टाकाऊ म्हणून बाजूला काढलेला एक फोटो सहज उघडला. त्यातही नवरी कॅमेऱ्याकडे बघत नव्हती. उजवीकडे एक मोठा काळा डाग होता, तो मी कापणारच होतो. पण या उजेडात तो डाग काळा राहिला नाही. ते स्वयंपाकघराचं दार होतं. दाराचा पडदा धरलेला एक हात दिसला, आणि मग आत्याचा चेहरा. नवरी कुठे बघत होती ते मला तेव्हा कळलं. तो फोटो मी न कापता नव्या अल्बममध्ये घातला.

नवा अल्बम घेऊन निघालो तेव्हा दिवाही स्कूटरवर बरोबर घेतला. आत्याच्या हॉलमध्ये दिवसाही अंधार असतो आणि एकच मिणमिणता पिवळा बल्ब आहे, त्याखाली मला धोका पत्करायचा नव्हता. मी वायर पसरली, दिवा सोफ्याकडे वळवला.

"फोटो दाखवून राहिला का माझ्या डोळ्याचं ऑपरेशन करून राहिला?" आत्या म्हणाली.

मी बटण दाबलं आणि त्याच क्षणी लाइट गेली. अख्ख्या गल्लीतली.

"चलो, बाहेर," आत्या अल्बम उचलून ओट्यावरच्या उजेडात गेली. माझी सगळी तयारी आत अंधारात पडून राहिली.

तिने पानं उलटली. "हां, आता हळद दिसून राहिली." मग ती त्या फोटोपाशी थांबली. आधी मुलीकडे पाहिलं, मग मुलगी बघत होती तिकडे. फोटोतल्या दारावर तिने बोट टेकवलं. मी घाबरून म्हटलं, "नको असेल तर हे पान काढतो, आत्या."

"मला वाटत होतं," ती म्हणाली, "मी तिला दिसलेच नाही."

आत लाइट आली होती. दिव्याचा उजेड रिकाम्या सोफ्यावर पडला होता. आत्याने पदराने डोळे पुसले आणि अल्बम छातीशी धरून उठली.

"चल आत. तुझ्या त्या दिव्यात नीट पाहू दे."