हुबळीच्या कॉमिक्स मेळाव्यात मावशीच्या पट्ट्या

जुनी कॉमिक्स जमवणाऱ्या बाईकडे लोक एकतर कौतुकाने बघतात, नाहीतर आमच्या घरच्यांसारखं. "दोन दिवस हुबळीला जाऊन येते, तिथे कॉमिक्सवाल्यांचा मेळावा आहे," असं मी जाहीर केलं, तेव्हा नवऱ्याने एवढंच विचारलं, की येताना एक कपाटही घेऊन येणार आहेस ना. मी लक्ष दिलं नाही. या वेळी मी काही आणायला जात नव्हते, उलट माझ्याकडचं घेऊन चालले होते.

माझ्या लहानपणी हुबळीतल्या एका छोट्या छापखान्यातून 'सिडिल सवार' नावाची कन्नड चित्रकथांची मालिका निघायची. सिडिल म्हणजे वीज. विजेसारख्या घोड्यावरून फिरणारा आणि घाटातल्या दरोडेखोरांना धूळ चारणारा हा गडी. मालिकेचे बाकीचे अंक कुणाकुणाकडे आहेत, शेवटचा मात्र कुणाकडेच सापडत नव्हता. तो माझ्याकडे आहे. फक्त त्यातल्या संवादांच्या सगळ्या फुग्यांवर मराठी पट्ट्या चिकटवलेल्या आहेत.

ही कुसुममावशीची कारागिरी. सात वर्षांची असताना मी काही महिने धारवाडला तिच्याकडे राहिले होते, कारण आई मिरजेच्या दवाखान्यात होती. मला कन्नड ओ की ठो कळत नव्हतं. मावशी शाळेत शिकवायची. तिने उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या भागातून पट्ट्या कापल्या, त्यांवर मराठीत लिहिलं आणि कणकेच्या खळीने फुग्यांवर डकवल्या. मेळावा भरवणाऱ्या प्रल्हादअण्णांना मी या अंकाचे फोटो पाठवले, तर त्यांचा लगेच फोन आला. खळच आहे ना, मग ओलसर टीपकागदाने पट्ट्या सुटतील, खालचं कन्नड स्कॅन करू, इतकी वर्षं शेवट न वाचलेली माणसं दुवा देतील, वगैरे. मी हो म्हणून बसले आणि मग धास्तावले. पट्ट्या फाटल्या तर? मावशीचं ते टपोरं अक्षर माझ्याकडे दुसरं कुठेच नाही.

सांगलीहून मिरज आणि तिथून रेल्वे. या मार्गाने जाणार असाल तर खिडकी सोडू नका. बेळगाव गेलं की शेतं मागे पडतात, खानापूरपासून लोंढ्यापर्यंत दाट झाडी सुरू होते आणि डब्यातली गप्पिष्ट माणसंही जरा गप्प होतात. लोंढ्याला वडे येतात, गरम असतील तरच घ्या. मी थंड घेतले आणि धारवाडपर्यंत पस्तावले.

मावशी अजूनही धारवाडातच, माळमड्डीत राहते. ऐंशी ओलांडली तरी भाकरी स्वतः थापते, फक्त इथे तिला रोट्टी म्हणायचं. ज्वारीची पातळ रोट्टी, भरल्या वांग्याचं एण्णेगाय, शेंगाचटणी आणि दही. मावशीला शेजारपाजारचे सगळे अक्का म्हणतात. ती त्यांच्याशी कन्नडमध्ये बोलता बोलता माझ्याकडे वळून मराठीत वाक्य पुरं करते, आणि हे तिच्या लक्षातही येत नाही. जेवताना मी पट्ट्यांचा बेत सांगितला. तिने माझ्या ताटात आणखी एक रोट्टी टाकली.

"सगळ्या काढणार?"

सगळ्या, मी म्हटलं.

"शेवटचं पान राहू दे की."

मला वाटलं, म्हातारी आपल्या अक्षराला लाजते आहे. मी तिला समजावलं, की बाकीचे अंक सगळ्यांनी वाचलेत, अडलंय ते शेवटापाशीच. ताटं उचलून झाल्यावर ती म्हणाली, उद्या मीही येते.

रविवारी सकाळी आधी पेढे घेतले (दुपारनंतर ताजे मिळतीलच असं नाही) आणि हुबळीची बस पकडली. दोन्ही गावांना जोडणाऱ्या या एसी बसना रस्त्याच्या मधोमध वेगळी मार्गिका आहे, त्यामुळे बाजूची वाहनं खोळंबलेली असताना आपण ऐटीत पुढे जातो. तिकीट किरकोळ. ज्यांना धारवाडात मावशी नाही त्यांनी हुबळीत लॅमिंग्टन रोडच्या आसपास उतरावं, बाराशे-पंधराशेत बरी खोली मिळते.

मेळावा होता गोकुळ रोडवर, प्रल्हादअण्णांच्या लेथच्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर. अण्णांचं घराणं मूळचं निपाणीकडचं, मोठे भाऊ बाजारात कापडाचं दुकान चालवतात आणि हे इथे लोखंड आणि कॉमिक्स दोन्ही सांभाळतात. जिन्याशी बेसिन आणि साबण. हात धुवायचे, पुसायचे आणि अण्णांपुढे धरायचे. अण्णा वास घेतात. मिरची भजी किंवा गिरमिटाचा वास आला, तर परत बेसिनकडे. गिरमिट म्हणजे कांदा-चिंचेच्या मसाल्यात कालवलेले चुरमुरे, आणि ते खाली गाडीवर इतकं झकास मिळत होतं, की निम्मी मंडळी दोनदा हात धुऊन आली. त्यांत मीही होते.

वर मात्र सुख होतं. टेबलांवर पारदर्शक पिशव्यांत मांडलेले अंक, स्टेपलच्या गंजाचे डाग, जुन्या कागदाचा तो ओळखीचा वास. रंग सरकून नायकाची मिशी कानाखाली छापली गेलेला एक अंक होता. तो खराब म्हणायचा की दुर्मीळ, यावर दोन पिकल्या केसांचे गृहस्थ कन्नडमध्ये हमरीतुमरीवर आले होते, आणि चहा आल्यावर एकाच बशीतून बिस्किटं खात बसले. एकाने सिडिल सवारचं चित्र असलेला टीशर्ट स्वतः छापून घेतला होता. घरी ज्या गोष्टीची थट्टा होते, तिच्याबद्दल इतकी माणसं गंभीरपणे भांडताना बघून मला फार बरं वाटलं.

मग आमचा अंक टेबलावर आला आणि सगळे भोवती जमले. अण्णा टीपकागदाचा बारीक तुकडा ओला करून पट्टीवर ठेवत, थोडं थांबत आणि पातळ सुरीने ती अलगद उचलत. एकही फाटली नाही. पट्टी निघाली की अण्णा खालचं कन्नड वाचून मला मराठीत सांगत. मावशीने अगदी शब्दाला शब्द लिहिलं होतं. अण्णा दर वेळी "बरोब्बर, अक्का" म्हणत आणि मावशी शाळेत बसल्यासारखी मान हलवत होती.

शेवटचं पान. सिडिल सवार सगळ्या लढाया जिंकून घरी येतो. दारात बहीण उभी, आत रिकामी खाट. बहिणीच्या फुग्यावर मावशीने लिहिलं होतं: 'आई जत्रेला गेलीय. उद्या येईल.' अण्णांनी पट्टी उचलली, खालचं वाचलं आणि मावशीकडे पाहिलं. भोवतीची माणसंही वाकून वाचू लागली. मी सोडून तिथे सगळ्यांना कन्नड येत होतं.

"सांग की अण्णा," मावशी म्हणाली. "आता मोठी झालीय ती."

अण्णांनी हळू आवाजात सांगितलं, "दादा, उशीर केलास. आई कालच वारली."

मी रडले. त्या टीशर्टवाल्यासकट सगळ्या अनोळखी माणसांसमोर, पन्नाशी उलटलेली बाई, हुंदके देऊन रडले. मावशीने पाठीवरून हात फिरवत सांगितलं, की ती पट्ट्या लावत होती त्या आठवड्यात मिरजेचे डॉक्टर आईबद्दल काहीच सांगायला तयार नव्हते. मी रोज अंक पुढे करून विचारायचे, याची आई भेटते का गं याला? एवढ्या एका फुग्यात तिने खोटं लिहिलं.

पुढचा अर्धा तास फार छान गेला. अण्णांनी शेवटचं पान दोनदा स्कॅन केलं, पट्टीविना आणि वर पट्टी ठेवून. त्यांच्या मते ही या अंकाची दुसरी आवृत्तीच आहे. टीशर्टवाल्याने मावशीची सही मागितली. ती आधी लाजली, मग मराठीत आणि कन्नडमध्ये अशा दोन्ही सह्या करून मोकळी झाली. बाकीच्या पट्ट्या आता पिशवीत जपून ठेवल्यात, पण शेवटची तिने तिथेच परत लावायला लावली. खालच्या गाडीवरून चमचाभर पीठ मागवलं, चहाच्या भांड्यात खळ शिजवली आणि स्वतःच्या बोटाने ती पट्टी दाबून बसवली.

सांगलीला परतले तेव्हा पेढे निम्मे उरले होते. सिडिल सवारचा शेवट आता सगळ्यांना वाचता येईल, याचं समाधान आहेच. पण माझ्यापुरता त्या गोष्टीचा शेवट बदललेला नाही आणि बदलायची माझी इच्छाही नाही.

आई आमच्याकडेच असते. तिला सगळं सांगितलं आणि अंक हातात दिला. तिने चष्मा लावून ते पान बराच वेळ पाहिलं, पट्टीवरून अंगठा फिरवला.

"कुसुमला फोन लाव," ती म्हणाली. "सांगते तिला, जत्रेहून आले म्हणून."